छप्पन्न किलो फरशी

आमच्या विमानतळाला पन्नास वर्षं पूर्ण होणार म्हणून मोठा समारंभ ठरला आणि त्यात माझ्या वडिलांचा सत्कार करायचंही ठरलं. निरोप घेऊन आलेला अधिकारी खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "आणि ती तुमच्या मुलीची गोष्ट संचालकसाहेब स्वतः सांगणार आहेत." ब्याऐंशी वर्षांचे माझे वडील लाजले. चक्क लाजले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ती मुलगी म्हणजे मीच. आता पंचावन्न वर्षांची आहे, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण गोष्टीत मी अजून एकोणीसचीच आहे.

गोष्ट अशी. छत्तीस वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात दुपारचं विमान पन्नास किलोंनी जड झालं. कोणाला तरी खाली ठेवणं भाग होतं. वजनाचं काम माझ्या वडिलांकडे होतं. त्यांनी स्वतःच्या मुलीला उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राजधानीत तिची मुलाखत होती. टॉवरमध्ये बसून विमानांना वाट मोकळी करून देतात, त्या नियंत्रकाच्या प्रशिक्षणासाठी. ती मुलाखत हुकली ती हुकलीच. ऐकणारा माणूस इथे 'वा' म्हणतो. मी गणिताची मास्तरीण आहे, एकतीस वर्षं शाळेत ही गोष्ट मीच सांगत आले आणि प्रत्येक वर्गाकडून हा 'वा' वसूल केला.

वडिलांना मी अण्णा म्हणते, बाकी सगळं गाव वजनकाका. विमानतळ सुरू झाला तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते आणि आधी धान्याच्या गोदामात काट्यावर काम करत होते. विमानतळ म्हणजे तरी काय, पत्र्याचं छप्पर असलेली एक शेड, बाजूला लाकडी टॉवर, आणि समोर डांबराची पट्टी. आठवड्यातून तीनदा अठरा आसनांचं विमान यायचं. गाव ते बघायला कुंपणाशी जमायचं आणि विमान उडालं की आपापल्या कामाला लागायचं. अशा लहान विमानात बॅगेबरोबर माणसाचंही वजन करावं लागतं. त्यासाठी शेडमध्ये एक भला मोठा लोखंडी काटा बसवला होता, आणि त्या काट्यामागे अण्णा.

अण्णांनी त्या काट्याला जी शिस्त लावली ती बघण्यासारखी होती. प्रवाशाने काट्यावर उभं राहायचं, अण्णा आकडा चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठीची घडी घालायचे आणि खिशात टाकायचे. आकडा तोंडाने कधीच उच्चारायचा नाही. "बायकांचं वय आणि सगळ्यांचं वजन माझ्यापाशी सुरक्षित आहे," असं ते म्हणायचे. मग त्या आकड्यांवरून ते लोकांना जागा द्यायचे, कारण लहान विमानात वजन पुढेमागे नीट विभागावं लागतं. यावरून दर विमानाला भांडणं. नुकतं लग्न झालेली जोडपी चार-चार रांगा लांब बसायची. एकदा एक वकील तावातावाने म्हणाले, "माझ्या बायकोशेजारी बसायचा मला कायद्याने अधिकार आहे." अण्णा शांतपणे म्हणाले, "आहे ना साहेब. जमिनीवर आहे."

घरात मात्र ते आकडे सांगायला मोकळे होते आणि ही खोड अख्ख्या घराला नडायची. पाहुणा दारातून आत येऊन टेकतो न टेकतो तोच अण्णा पुटपुटणार, "ब्याण्णव." आई डोळे वटारायची. माझ्या मोठ्या मामांना त्यांनी जेवायच्या आधी आणि जेवल्यानंतर असे दोन आकडे सांगितले, तेव्हापासून मामा आमच्याकडे जेवायला यायचे बंद झाले. अंदाज एका किलोपलीकडे कधी चुकायचा नाही. मला बेरीज-वजाबाकी त्यांनीच शिकवली, तीही लोडशीटवर. लोडशीट म्हणजे विमानात काय काय चढलं त्याचा कागद: प्रवासी, बॅगा, टपाल, माल, इंधन, आणि खाली एकूण. त्यावर कॅप्टनची सही झाल्याशिवाय पंखा फिरत नसे. जुन्या, रद्द झालेल्या लोडशीट ते घरी आणायचे आणि मी जेवणाच्या टेबलावर त्यांच्या बेरजा पुन्हा करायचे. पाच वर्षांची असल्यापासून मला टॉवरमध्ये बसायचं होतं. घरात कोणी त्याची थट्टा केली नाही, हेही अण्णांच्या नावावर टाकायला हवं.

उन्हाळ्यात दुपारी अडचण व्हायची. उन्हाने हवा विरळ होते आणि विरळ हवेत विमानाला तेवढंच वजन उचलत नाही. मग काही ना काही उतरवावं लागायचं. त्याचा क्रम ठरलेला होता आणि अण्णांनी तो शेडच्या भिंतीवर ठसठशीत लिहून लावला होता: आधी माल, मालाने भागलं नाही तर रांगेत शेवटी आलेला प्रवासी. "मालाची कोणी घरी वाट बघत बसलेलं नसतं," असं त्यांचं म्हणणं. एकदा एक पुढारी स्वतःचा अर्धपुतळा घेऊन आले, राजधानीत कुठेतरी बसवायला. सत्तर किलोचा पुतळा. त्या दिवशी विमान जड झालं आणि रांगेत शेवटी एक साधा शिंपी होता. पुढाऱ्यांच्या माणसांना वाटलं, शिंपी उतरणार. अण्णा म्हणाले, "साहेब, तुम्ही बसा, हेही बसतील. पुतळा पुढच्या विमानाने येईल, त्याला घाई नाही." बदलीच्या धमक्या आल्या, पत्रं गेली, पण अण्णांच्या केसालाही धक्का लागला नाही. सांगायचं एवढंच की अण्णा घाबरट नव्हते. त्यांच्यावर भित्रेपणाचा आरोप मला करता आला असता तर सोपं झालं असतं.

आता तो दिवस. मुलाखतीचं पत्र सकाळी अकराला आलं आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी नऊला. राजधानीची बस पहाटे सहाला निघून गेली होती. संध्याकाळची बस दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायची. राहता राहिलं तीनचं विमान. आई पत्र घेऊन सायकलने विमानतळावर गेली. विमानात एकच जागा उरली होती. अण्णांनी पूर्ण भाड्याचं तिकीट काढलं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलत होती, ती घेतली नाही. आईने बॅग भरली आणि मला सोडायला बरोबर आली. मी शेडमध्ये पोचले तेव्हा अण्णांनी मला ओळखही दाखवली नाही, नुसतं बोटाने रांगेचं शेवटचं टोक दाखवलं. काट्यावर उभी राहिले तेव्हा मला हसू येत होतं. सत्तेचाळीस किलो मी, सात किलो बॅग.

मी विमानात बसले, पट्टा बांधला. खिडकीतून टॉवर दिसत होता आणि मी मनातल्या मनात तिथे बसलेही होते. तेवढ्यात कॅप्टनने सावलीतला तापमापक बघितला आणि अण्णांना सांगितलं, पन्नास कमी करा. अण्णा कागदाकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग शिडी चढून आत आले, माझ्या रांगेपाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, उतर."

मला ते लाडाने बाई म्हणायचे. सतरा माणसं माझ्याकडे बघत होती. शेजारी बसलेला गृहस्थ म्हणाला, "अहो, ही तुमची मुलगी ना?" अण्णा म्हणाले, "इथे नाही." मी उतरले. मालाची खोकी आधीच उतरवली असणार आणि तरी भागलं नसणार, असं मी धरून चालले; त्यांच्या काट्यावर शंका घ्यायची आमच्या घरात पद्धत नव्हती. कॅप्टनने जाताना टोपी काढून अण्णांना मान दिला. विमान उडालं. मी कुंपणाशी बॅग घेऊन उभी राहिले आणि ते ठिपका होईपर्यंत बघत राहिले, कारण डोळे दुसरीकडे वळवले असते तर आईकडे बघावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी आईने अण्णांना एकच प्रश्न विचारला, "तिच्याऐवजी काय गेलं?" अण्णा जेवणावरून उठले. आईने परत कधी विचारलं नाही, पण त्यानंतर ती विमानतळावरही कधी गेली नाही. मला वाटायचं, आईला तत्त्वाच्या गोष्टी कळत नाहीत.

माझ्या शेजारी बसलेला तो गृहस्थ एका वर्तमानपत्रात लिहायचा. आठवड्याभरात छापून आलं: 'काट्यापुढे मुलगीही परकी.' झालं. दुकानदार मला सुटे पैसे परत देताना मान लववायला लागले. कॉलेजात माझं भाषण ठेवलं. अनोळखी बायका रस्त्यात थांबवून गालावर हात ठेवायच्या. हरभऱ्याच्या झाडावर चढायला एकोणिसाव्या वर्षी कोणाला शिडी लागत नाही, मी सरसर चढले. दुसऱ्या वर्षी त्याच प्रशिक्षणाची जाहिरात पुन्हा आली. वय बसत होतं. आईने अर्ज आणून टेबलावर ठेवला. मी तो भरला नाही. कोणी विचारलं तर मी म्हणायचे, आता मन उडालं. खरं कारण हे की मी त्यागाची मूर्ती झाले होते, आणि मूर्तीने पुन्हा रांगेत उभं राहणं शोभलं नसतं. हा अर्ज मी भरला नाही, हे मी अण्णांच्या माथी मारू शकत नाही. मारून बघितलंय, ते तिथे टिकत नाही.

मी शिक्षिका झाले. आयुष्य काही वाईट गेलं नाही, हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच माझी दया यायची. पण अजूनही डोक्यावरून विमान गेलं की मी फळ्यावरचा खडू थांबवते आणि ते कोणत्या बाजूने उतरेल ते मनात ठरवते. बहुतेक वेळा बरोबर येतं. मुलं हसतात.

विमानतळ मात्र वाढतच गेला. विसाव्या वर्षी धावपट्टी दुप्पट झाली, मोठी विमानं यायला लागली आणि माणसांची वजनं करायचं बंद झालं. काटा मालाच्या गोदामात गेला. अण्णांना बॅगांच्या काउंटरवर बसवलं. तिथे लाल आकडे आपोआप उमटायचे, त्यात त्यांनी करण्यासारखं काही नव्हतं. तरी बॅग पट्ट्यावर पडायच्या आधी ते आकडा पुटपुटायचे, आणि मशीनने तोच दाखवला की मशीनकडे कौतुकाने बघायचे. विमानतळाच्या सव्विसाव्या वर्षी ते निवृत्त झाले. मग काचेची इमारत झाली, सरकते जिने आले, तीन मजली वाहनतळ झाला, शेतांच्या जागी हॉटेलं उभी राहिली. आता दिवसाला बेचाळीस विमानं. अण्णा दर रविवारी तिकडे जाऊन बाहेरच्या बाकावर बसतात. मोठ्या विमानांत प्रवाशाचं वजन सरासरीने धरतात हे त्यांना कोणीतरी सांगितलं, तेव्हा दोन दिवस ते चिडलेले होते. "सरासरी माणूस मी आयुष्यात एकदाही पाहिला नाही," ते म्हणाले.

समारंभाच्या पंधरा दिवस आधी स्मरणिकेचं काम बघणारी मुलगी शाळेत मला भेटायला आली. उत्साही पोरगी, बोलताना हात थांबत नव्हते. जुनी शेड पाडताना भिंतीतल्या कपाटात लोडशीटचे गठ्ठे सापडले होते, आणि त्यांत, काय नशीब बघा ताई, नेमकी त्या दिवसाची लोडशीट! ती मोठी करून प्रदर्शनात लावणार होते. मोबाइलवर फोटो दाखवत ती म्हणाली, "बघा ना, तुमचं नाव कसं एका रेघेत खोडलंय. माझ्या तर अंगावर काटा आला."

मी बघितलं. अण्णांचं तेच सरळ, कोरीव अक्षर. माझं नाव, सत्तेचाळीस अधिक सात, त्यावर पट्टीने ओढलेली रेघ. मग जुन्या सवयीने नजर खाली गेली आणि मी बेरीज करायला लागले. प्रवासी सतरा. बॅगा. टपाल. माल: फरशीचे नमुने, दोन खोकी, छप्पन्न किलो.

त्यावर रेघ नव्हती. मी बेरीज पुन्हा केली. छप्पन्न धरूनच खालचं एकूण येत होतं आणि त्याखाली कॅप्टनची सही होती. म्हणजे फरशी गेली होती. भिंतीवर अण्णांनी स्वतः लिहिलं होतं, आधी माल. ती खोकी उतरवली असती तर पन्नासाच्या जागी छप्पन्न कमी झाले असते आणि मी माझ्या जागेवर पट्टा बांधून बसून राहिले असते.

"काय झालं ताई?" पोरगी म्हणाली.

"काही नाही," मी म्हटलं. "अक्षर सुंदर आहे."

दोन दिवस मी मूग गिळून बसले. वर्गात मुलांवर खेकसले. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी दहाच्या सुमारास अण्णा गॅलरीत आरसा टेकवून दाढी करत होते, तेव्हा मी मागे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "अण्णा, फरशी का गेली?"

कोणती फरशी, असं ते म्हणाले नाहीत. याचाच मला सगळ्यात जास्त धक्का बसला. छत्तीस वर्षांनंतर, एवढ्याशा प्रश्नावर, त्यांचा हात गालावर थांबला आणि त्यांना सगळं कळलं. म्हणजे ती दोन खोकी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

"कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या अक्षराने."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. एका गालावर साबण तसाच. मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर काय केलं असतंत?"

"फरशी उतरवली असती," ते म्हणाले. "विचारसुद्धा केला नसता. ती मुलगी गेली असती."

"मग मी का नाही?"

"सगळे बघत होते गं. फरशीचा व्यापारी तिथेच उभा होता. त्याचा माल उतरवला असता, तर म्हणाले असते, बघा, पोरीसाठी उतरवला. एवढी वर्षं मला बोट दाखवायला कोणाला जागा नव्हती."

"नियम होता की! तुम्हीच लिहिलेला!"

"होता. पण त्या दिवशी तो माझ्या बाजूचा होता. म्हणून मला तो वापरवेना." ते आरशात बघत होते, माझ्याकडे नाही. "शिडी उतरलो तोपर्यंत कळलं होतं. परत जाऊन तुला बसवणार होतो. तेवढ्यात कॅप्टनने टोपी काढली."

मी त्यांना खूप बोलले. सगळं इथे लिहीत नाही, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला बोलू नये असंही त्यात होतं. मी म्हटलं की लोकांनी तुम्हाला चांगलं म्हणावं म्हणून तुम्ही मला फरशीपेक्षा हलकं मोजलंत, आणि एकतीस वर्षं मी ते पोरांना प्रामाणिकपणा म्हणून शिकवलं. राजधानीत कोणाच्या तरी न्हाणीघरात माझी जागा चिकटवलेली आहे, असंही म्हटलं. ते ऐकून घेत होते. साबण वाळून गेला होता.

शेवटी मी म्हटलं, "मला बाकी काही नको. समारंभात हे सांगा. सगळ्यांसमोर. मी समोर बसलेली असताना. एकदाच सांगा की माल होता, आणि तरी मुलीला उतरवलं, आणि ते चुकलं."

"सांगतो," ते म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

आणि ते खरंच तयारीला लागले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एक कागद घेऊन ते लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. समारंभाच्या आदल्या दिवशी मी त्यांना खोलीत मोठ्याने वाचताना ऐकलं. चार वाक्यं होती. चौथं होतं, "तिने मला माफ करावं, असं मी म्हणत नाही, पण तुम्ही मला शाबासकी देणं थांबवा." मी दाराआड उभी होते. मला वाटलं, एवढं झालं तर माझं भागेल. खरंच भागलं असतं.

समारंभ काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. फुगे, फिती, विमानाच्या आकाराचा केक. त्याचे पंख लोकांनी आधीच संपवले. प्रदर्शनात आमचा काटा घासूनपुसून दोरीच्या कुंपणात ठेवला होता आणि त्यामागे माणसाएवढी मोठी केलेली लोडशीट. लोक तिच्यापुढे उभं राहून फोटो काढत होते. सगळे खोडलेल्या नावाकडे बोट करायचे. शेवटच्या ओळीपर्यंत कोणी वाचत नव्हतं. वाचलं असतं तरी बेरीज कोण करणार? अण्णा तिथे थोडा वेळ थांबले. मी त्यांचा कोपर धरला होता. वरच्या खिशात कागदाची घडी दिसत होती.

संचालकांनी आधी आकडे सांगितले. किती विमानं, किती लाख प्रवासी, पुढच्या पाच वर्षांत दुसरी धावपट्टी. मग म्हणाले, "पण विमानतळ सिमेंटने उभा राहत नाही, माणसांनी उभा राहतो," आणि गोष्टीला हात घातला. त्यांनी ती चांगलीच फुलवली. त्यांच्या गोष्टीत मी स्वतःहून उठले. त्यांच्या गोष्टीत मी शिडीखाली उतरून वडिलांना मिठी मारली. वस्तुस्थिती अशी की मी अण्णांशी चार दिवस बोलले नव्हते आणि पाचव्या दिवशी बोलले ते पेपरात छापून आलं म्हणून. "ती मुलगी आज आपल्यात आहे," संचालक म्हणाले. "ताई, उभ्या राहता का?"

मी उभी राहिले. तीनशे माणसं मागे वळून माझ्याकडे बघत टाळ्या वाजवायला लागली. मग अण्णांना मानचिन्ह दिलं, माईक समोर ओढला. अण्णांनी खिशातून कागद काढला, घडी उलगडली, चष्मा नीट केला. त्यांची नजर मला शोधत होती, आणि मी उभी असल्यामुळे लगेच सापडले. मी मान हलवली. बोला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला कोणीतरी उठला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळी सभा उभी राहिली. गणवेशातले तरुण वैमानिक, काउंटरवरच्या मुली, सफाईची माणसं, सगळे अण्णांकडे बघून टाळ्या वाजवत होते. थांबेनातच. टाळ्या थांबेपर्यंत अण्णा कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याची बारीक घडी घातली, खिशात ठेवली आणि माईकमध्ये म्हणाले, "मी माझं काम केलं. दुसरं काही नाही."

पुन्हा टाळ्या पडल्या. संचालकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, तुम्ही दोन शब्द बोलणार?" माईक घेऊन एक मुलगी माझ्या रांगेपर्यंत आलीसुद्धा. माझ्याकडे बोलायला दोन नाही, चार वाक्यं होती, मला ती पाठ होती. मी हसून मान हलवली, नको म्हटलं.

परत येताना टॅक्सीत आम्ही मागे बसलो होतो. अण्णांच्या मांडीवर ते काचेचं मानचिन्ह होतं. विमानतळाचा नवा रस्ता लांबलचक आहे, दोन्ही बाजूंनी सारखे दिवे लावलेला. तो संपेपर्यंत अण्णा मानचिन्हावरचे बोटांचे ठसे पुसत राहिले. वळणावर मी म्हटलं, "कागद हातात होता तुमच्या."

"सांगणार होतो," अण्णा म्हणाले. "टाळ्या थांबायची वाट बघत होतो."

"थांबल्या होत्या की."

"हो, थांबल्या." ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग अगदी हळू, एखादी लाजिरवाणी गोष्ट कबूल करावी तसं म्हणाले, "पण तोवर फार बरं वाटत होतं गं."

मला संताप यायला हवा होता. तोंडापर्यंत शब्द आलेही होते. पण तीनशे माणसं माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती, तेव्हा मला कसं वाटत होतं, ते मला माहीत होतं. बसा असं कोणी म्हटलं नव्हतं हे खरं. पण उभं राहा असंही दुसऱ्यांदा कोणी म्हटलं नव्हतं, आणि टाळ्या पूर्ण संपेपर्यंत मी खाली बसले नव्हते.